घरगाडीचं मुसकं

हिरडेवाडीचा पायथा, ता. आंबेगाव
१२ एप्रिल २०२३

प्रिय गोरख,
अनेक आशीर्वाद.

गुडघा बदलून घेऊन तू मंचरला खाटेवर पडला आहेस आणि मी तब्येत विचारायची सोडून इंजिनाविषयी लिहिते आहे, याचा राग मानू नकोस. गुडघा बरा होईल. डॉक्टर त्यासाठीच आहेत. माझ्या गाडीला तुझ्याशिवाय कोणी नाही. फोन केला असता, पण चाळीस वर्षं इंजिनाला कान लावून लावून ते कान तू इंजिनालाच देऊन टाकलेस. तेव्हा पत्रच.

तू मिळवून दिलेल्या त्या जुन्या मिनीबसचं मी काय केलं ते तू पाहिलेलं नाहीस. सीटा काढल्या. सहा जणींना निजता येईल अशा फळ्या बसवल्या. मागे स्वयंपाकाचा ओटा, खिडकीखाली पुस्तकांचं कपाट. अवसरीच्या घराला कुलूप लावलं आणि चाकांवर राहायला आले. इथले लोक तिला घरगाडी म्हणतात. हे नाव मला फार आवडलं.

ती कशासाठी केली ते ऐक. हिरडेवाडीची शाळा सातवीपर्यंत. आठवी खाली पायथ्याला. घाटाच्या रस्त्यानं अकरा किलोमीटर, पायवाटेनं दोन तास, आणि पावसाळ्यात चार महिने ती वाट ओढा अडवून बसतो. म्हणून सातवी झाली की मुलगा मामाकडे राहून शिकतो आणि मुलीचं दप्तर खुंटीला लागतं. यंदा पाच मुली सातवीला आहेत. त्यातल्या आरतीला नारायणगावकडे टोमॅटो तोडायला धाडायचं ठरून गेलं आहे. अपूर्णांक डोळे मिटून सोडवणारी पोर, गोरख! ती क्रेट मोजणार?

मी वाडीच्या देवळापुढे उभी राहिले आणि म्हणाले, "शाळा तुमच्या घरापाशी येत नसेल, तर मी घर शाळेपाशी नेते. सोमवार ते शनिवार पोरी माझ्यासोबत शाळेच्या आवारात राहतील. शनिवारी दुपारी मी त्यांना वर तुमच्या दारात आणून सोडीन." मुख्याध्यापकांनी आवारात जागा दिली, पाण्याचा नळ दिला. सगळं जुळलं.

मग पाडवा आला. हार घातला, नारळ फोडला, गाडीच्या तोंडावर आपलं ब्रीद झळकवलं आणि पोरींच्या आयांना घेऊन मी घाट चढायला लागले. सात वळणांचा घाट आहे. चौथ्या वळणावर काटा लालमध्ये गेला आणि पुढून वाफ आली. तू जाणतोसच, हिचं इंजिन ड्रायव्हरच्या शेजारी, गाडीच्या आतच. त्याचं झाकण इतकं तापलं की कडेला बसलेल्या बाईच्या चपलेचा तळ चिकटला. बाया उतरून चालत वर गेल्या. मी वाफ निवण्याची वाट बघत बसले.

वर कुशाबा आजोबा बसले होते. वाडीत त्यांचा शब्द शेवटचा. ते म्हणाले, "बाई, तुमी बोलता लई झ्याक. पण पोरी भाषणात बसून येणार न्हाईत, गाडीत बसून येणार. ही गाडी आमच्या बाया आत घिऊन, एकदाबी न थांबता वर आली, की पोरी तुमच्या. न्हाईतर ज्याची त्याची पोर ज्याच्या त्याच्या घरी."

मी तिथल्या तिथे सांगितलं, की ही गाडी आता वाडीत चढल्याशिवाय मंचरकडे तोंड करणार नाही. तेव्हा तिला तुझ्याकडे आणायचं मला सुचवू नकोस. शब्द गेला आहे.

इथल्या दादाभाऊ वेल्डरनं इंजिनाभोवती मिळेल तिथे काचेची लोकर ठासली आहे, खालून पत्रा मारला आहे. तरी उष्णता वाढतेच आहे. शाळा पंधरा जूनला उघडते. सांग काय करू.

तुझी,
रत्नाताई


मंचर
१७ एप्रिल

ती. रत्नाताईस,
गोरखचा सा. नमस्कार.

पत्र पोचलं. गुडघा बरा हाय. वॉकर धरून संडासापर्यंत जातो, तिथून पुढं डॉक्टर जाऊ देत न्हाई.

आधी एक सांगतो. देवळापुढं शब्द द्यायच्या आधी मेकॅनिकला इचारायची पद्धत असती. गाडी मंचरला आणायची न्हाई म्हणून तू शपथ घेतलीस, आणि मी इथं खाटेवर. म्हंजे डॉक्टर मंचरात, पेशंट डोंगरात, आणि तपासणी पोस्टानं. जगात असा दवाखाना पयलाच. तुझं भाषण मला ऐकू येत न्हाई ते एक बरंय, न्हाईतर मीबी टाळ्या वाजवून बसलो असतो.

आता नीट वाच. मला कान न्हाईत, म्हणून मी इंजिन हातानं ऐकतो. तूबी तसंच कर. गाडी चार किलोमीटर पळव, थांबव, आन इंजिनाच्या झाकणावर तळहात ठेव. तोंडानं आकडे मोज. किती आकड्यांला हात उचलावा लागतो ते लिही. वीसपर्यंत हात टिकला तर समज गाडी माणसात आली.

ती काचेची लोकर कुठं ठासली ते मला दिसतंय इथनं. दादाभाऊनं इंजिनाला गोधडी पांघरली. ताप आलेल्या माणसाला गोधडी घालतात ग, तापलेल्या इंजिनाला न्हाई! लोकर पायजे ती झाकणाच्या आतल्या अंगाला, तुमच्या बाजूला चिकटून. इंजिनाच्या अंगाभवती न्हाई. सगळी उपसून काढायला लाव.

मग ह्या प्रश्नांची उत्तरं दे. काटा सपाटीवर चढतो का फक्त चढाला? पंख्याचा पट्टा ढिला हाय का? रेडिएटरमधलं पाणी गंजाळ हाय का हिरवं? धुराचा पाइप झाकणापासनं किती बोटं लांब हाय? आन पुढच्या जाळीसमोर काय हाय? चिखल, पाला, हार, काय असंल ते लिही.

समदं खरं लिही. इंजिनाला वक्तृत्व कळत न्हाई.

तुझा,
गोरख


हिरडेवाडीचा पायथा
२४ एप्रिल

प्रिय गोरख,
आशीर्वाद.

तुझं पत्र दादाभाऊला वाचून दाखवलं. गोधडीपाशी तो लाजला, मग हसला, मग लोकर उपसायला गाडीखाली शिरला.

उत्तरं क्रमानं देते. काटा सपाटीवर मधोमध राहतो, चढाला चढतो. पट्टा घट्ट आहे, अंगठ्यानं दाबून पाहिला. पाणी गंजलेलं होतं, तीनदा धुऊन नवं हिरवं कूलंट भरलं. धुराचा पाइप झाकणापासून चार बोटांवर आहे आणि तो तव्यासारखा तापतो. जाळी स्वच्छ आहे. पाडव्याचा हार त्याच दिवशी काढला. जाळीसमोर आता शब्दांखेरीज काही नाही.

हात ठेवला. तीन. तीन म्हणेपर्यंत उचलावा लागला.

तू म्हणशील, ही बाई तीन आकड्यांवर भाषण करील. करणारच. मी उष्णतेवर जेवढं मिळालं तेवढं वाचून काढलं आहे. उष्णता कोणाची दुश्मन नाही, तिला फक्त वाट हवी. वाट दिली नाही की ती दिसेल त्याला जाळते. माणसांच्या बाबतीत हे मला तीस वर्षं ठाऊक होतं, इंजिनाच्या बाबतीत आज कळलं. ज्या मुलीला वाट मिळत नाही तिचंही असंच होतं. ती आतल्या आत उकळते आणि लोक म्हणतात, पोर फार तापट आहे.

इथे काल आरतीची आई ठमाबाई आली होती. हिरड्याचं पोतं डोक्यावर घेऊन उभ्यानंच बोलली. "बाई, तुमी आमच्या पोरीसाठी एवढं करता, मला रडू येतं. पण मी त्या दिशी गाडीत व्हते. माझ्याच चपलेचा तळ चिकटला. माझी पोर त्यात बसवायला माझं काळीज व्हत न्हाई." मी तासभर तिच्याशी बोलले. तिनं सगळं ऐकलं, मान हलवली, आणि जाताना गाडीच्या झाकणाला लांबूनच बोट लावून पाहिलं.

गोरख, मी आयुष्यात हजार सभा जिंकल्या असतील. त्या एका बोटापुढे हरले. मला भाषण नको, उपाय दे.

तुझी,
रत्नाताई


मंचर
२९ एप्रिल

ती. रत्नाताईस,
सा. नमस्कार.

आता आलीस रस्त्यावर. "मला भाषण नको" हे वाक्य मी फाडून भिंतीला चिकटवलंय.

ऐक. अवसरीच्या शिवारात आपल्या मामाची कांद्याची चाळ तुला आठवती. लहानपणी आपण तिच्याखाली लपायचो. खाली का लपता यायचं? कारण चाळ जमिनीपासनं दीड हात वर असती. तळाला फटी, बाजूच्या कुडाला फटी, आन वर छपराखाली मोकळं. गार वारा खालनं शिरतो, कांद्याची ऊब घेतो, वरनं निघून जातो. मामा सांगायचा, वारा आत यायची वाट समदे करतात, जायची वाट इसरतात, मग कांदा सडतो.

तुझ्या गाडीत कांदा इंजिन हाय. दादाभाऊला चाळ बांधायला सांग.

पयलं, खालचा पत्रा काढून टाक. चिखल उडू नये म्हणून मारला असंल, पण त्यानं चाळीचा तळ बुजला. फकस्त पुढचा हातभर ठेव.

दुसरं, इंजिनाच्या दोन्ही बाजूंला, चाकाच्या वरच्या पत्र्यात, मागच्या अंगाला तिरप्या फटी पाड. तोंड मागं. पुढनं आलेली हवा तिथनं बाहेर पडंल.

तिसरं, रेडिएटर आन त्याची चौकट ह्यात ज्या फटी असतील त्या रबरानं बंद कर. न्हाईतर गरम हवा वळसा घालून परत पुढं येती आन तीच तीच आत शिरती.

चौथं, धुराच्या पाइपाला उष्णता आडवायची पट्टी मिळती, जुन्नरला स्पेअर पार्टच्या दुकानात असंल. ती भिजवून, ताणून गुंडाळ. पाइप आन झाकण ह्यांच्या मधी एक पत्रा लाव, पण दोन्हीला न टेकवता. मधी बोटभर हवा राहिली पायजे.

पाचवं, झाकणाच्या कडेला जाड रबर. ती फट ठिवायची न्हाई. इंजिनाकडनं बाहेर वाट, पण तुमच्याकडं वाट बंद.

हे केलं की घाट चढून बघ आन आकडा कळव. जाळीसमोर शब्दच हायेत म्हणालीस, म्हंजे रंगवलंय वाटतं. रंगाला हरकत न्हाई.

तुझा,
गोरख


हिरडेवाडी
११ मे

गोरखभाऊ यांस ठमाबाईचा नमस्कार.

तुमी मला वळखत न्हाई. मी आरतीची आई. चौथी शिकले. लिवायची सवय गेली, तरी समजून घ्या. तुमचा पत्ता बाईंच्या पाकिटावर बघितला. हिरडा घालायला खाली आले की त्यांची पाकिटं मीच दुधाच्या टेम्पोत देते.

बाईंनी तुमाला लिवलं का न्हाई ठाऊक न्हाई, म्हणून मी लिवते. दादाभाऊनं तुमी सांगितलं ते समदं केलं. चार-पाच दिवस गाडीखाली निजल्यावाणी काम केलं. मग सात तारखेला आयतवारी आमी पाच जणी परत गाडीत बसलो. ह्या वेळंला पाय भाजला न्हाई. बाईंनी झाकणावर हात ठिवला आन मोजलं. नऊ झाले. त्या लई खुश झाल्या. पण सहाव्या वळणाला काटा पार तांबड्यात गेला आन गाडी उकाळली. आमी परत उतरलो. एकच वळण राहिलं व्हतं.

बाई वर आल्या न्हाईत. तिथंच दगडावर बसून राहिल्या. मी हात धरला तर म्हणल्या, तुम्ही जा. मी त्यांना कधी गप बसलेलं बघितलं नव्हतं. मला गाडीपेक्षा त्याचंच भ्या वाटलं.

भाऊ, मला खरं सांगा. ही गाडी चढंल का? बाईंना वाईट वाटंल म्हणून गोड लिवू नका. माझी एकच पोर हाय. नारायणगावचा मुकादम वीस तारखेनंतर कधीबी येईल. त्याला हो म्हणायचं का नको ते मला ठरवायचंय. बाईंच्या तोंडाकडं बघून मी ठरवू शकत न्हाई, त्यांच्या तोंडाकडं बघितलं की समदं खरंच वाटतं.

अजून एक. मला यंत्रातलं कळत न्हाई, हसू नका. आमी मळणीला बैलाच्या तोंडाला मुसकं बांधतो, पिकात तोंड घालू नये म्हणून. पण मुसकं दोरीचं इणलेलं असतं, जाळीचं. बैलाला श्वास घेता येतो. बाईंनी गाडीच्या नाकाला सबंध फडक्याचं मुसकं बांधलंय. मोठं, रबरावाणी, त्यावर त्यांचं नाव आन लिवलेलं. गाडी उभी असली तरी इंजिन चालू झालं की ते फडकं आत वढलं जातं, गप्पकन चिकटतं. मला बघून वाटतं की गाडीचा जीव घुसमटतोय. मी बाईंना म्हणणार व्हते, पण त्यावर त्यांचं नाव हाय, म्हणून बोलले न्हाई.

आगाऊपणा झाला असंल तर माफी असावी.

ठमाबाई


मंचर
१६ मे

ती. रत्नाताईस,
सा. नमस्कार.

तू सात तारखेचं मला लिहिलं न्हाईस. नऊ दिवस झाले. ठीक हाय. हरलेलं तू कधीच सांगत न्हाईस, शाळेतबी कबड्डी हरलो की तू म्हणायचीस सामना अर्धा राहिला.

पण तुझ्या वाडीत एक बाई हाय, चौथी शिकलेली. तिनं मला जे लिहिलं ते मी चाळीस वर्षांच्या धंद्यात ऐकलं न्हाई. तिनं गाडीच्या नाकातला श्वास बघितला. असला मेकॅनिक माझ्या हाताखाली असता तर मी कवाच रिटायर झालो असतो.

ताई, तू मला लिहिलंस, जाळीसमोर शब्दांखेरीज काही न्हाई. मी समजलो रंगवलेत. अग, ते शब्द फ्लेक्सवर हायेत! आख्ख्या जाळीवर फ्लेक्स ताणून बांधलाय तू! पंखा आतनं हवा वढतोय आन फ्लेक्स जाळीला चिकटतोय. मी तुला चाळ बांधायला लावली, खाली वाट, बाजूला वाट, आन तू पुढचं दारच लावून घेतलंस. जायला धा वाटा, यायला एकबी न्हाई.

आन त्यावर काय लिहिलंय ते ठमाबाईनं सांगितलं न्हाई, पण मला ठाऊक हाय. तुझं एकच ब्रीद हाय गेली तीस वर्षं. "आम्ही थांबणार नाही!" दरवेळी गाडी त्याच वाक्यानं थांबली.

तू जन्मभर लोकांला सांगत फिरलीस, बाईच्या तोंडाला मुसकं बांधू नका. आन सोताच्या गाडीला बांधलंस. तेबी सोताच्या नावाचं.

ही चिठ्ठी वाचून झाली की कात्री घे. दुसरं काही करू नकोस. मी ठमाबाईला येगळं कळवलंय, मुकादमाला थांबव म्हणून. म्हंजे ह्या वेळंला शब्द मीबी दिलाय. माझी लाज राख.

तुझा,
गोरख


हिरडेवाडीचा पायथा
२० मे

गोरख,

तुझं पत्र वाचलं. राग आला. फ्लेक्स हा फ्लेक्स नव्हता, तो विचार होता. वाऱ्यापावसात, धुळीत, लोकांच्या हसण्यात मी तो पुढे घेऊन चालले होते. लोकांना लांबून दिसावा म्हणूनच तो गाडीच्या तोंडावर होता. असं मी तुला लिहायला बसले होते.

मग गाडीपाशी गेले आणि इंजिन चालू करून पुढे उभी राहिले. फ्लेक्स आत ओढला गेला. माझं नाव जाळीत रुतलं. बाकीचा मजकूर चुरगळला, फक्त माझं नाव तेवढं ताठ दिसत होतं.

आजवर मी ही गाडी पुढून पाहिलीच नव्हती. मी कायम आत, स्टिअरिंगमागे.

ठमाबाई हिरडा घालायला खाली आली होती, कात्री तिच्याकडूनच घेतली. तिनं विचारलं नाही कशाला. दोरीला कात्री लागली तेव्हा ती म्हणाली, "द्या हिकडं, एवढं चांगलं फडकं टाकू नका." घेऊन गेली.

येत्या रविवारी, अठ्ठावीसला, चढणार.

रत्ना


हिरडेवाडी
२९ मे २०२३

प्रिय गोरख,
अनेक, अनेक आशीर्वाद.

वरच्या ओळीत हिरडेवाडी लिहिलं आहे. पायथा नाही. एवढ्यावरून काय ते ओळख!

पण मी तुला सगळं सांगणारच. मी एवढ्याशा आनंदावर पत्र संपवणारी बाई नाही.

काल सकाळी नऊला निघालो. मे महिन्याचं ऊन, खडक फुटेल असं. आत पाच आया, पाच मुली, आणि दादाभाऊ, हातात पाण्याचा डबा घेऊन. तो म्हणाला, "बाई, मी डबा आणलाय पण तो सांडायची वेळ येऊ देऊ नका." ठमाबाई माझ्या शेजारी, इंजिनाच्या झाकणाला लागून बसली. मी म्हटलं, तुम्ही मागे बसा, मागे गार आहे. ती म्हणाली, "न्हाई. माझी पोर मागं हाय. मी हितंच बसणार."

पहिली तीन वळणं मी बोलत होते. तुला माहीत आहे, मला भीती वाटली की मी बोलते. चौथ्या वळणावर, जिथे पाडव्याला वाफ निघाली होती, तिथे मी पोरींना आठवीच्या अभ्यासक्रमाविषयी काहीतरी जोरजोरात सांगत होते. ठमाबाईनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"बाई, आता गप ऱ्हावा. तिला श्वास घेऊ द्या."

मी गप्प झाले. गोरख, तीस वर्षांत मला कोणी गप्प केलं नव्हतं. अध्यक्षांनी चिठ्ठ्या पाठवल्या, दिवे घालवले, एकदा माईक काढून नेला, मी थांबले नाही. या बाईनं दोन वाक्यांत गप्प केलं. आणि गप्प झाल्यावर मला पहिल्यांदा इंजिन ऐकू आलं. ते धापा टाकत नव्हतं. दगडी जात्यासारखं एकसारखं फिरत होतं. पुढून वारा आत जात होता, बाजूच्या फटींतून बाहेर पडताना बारीक शीळ घालत होता. ठमाबाईनं खिडकीबाहेर हात काढून ती हवा बोटांवर घेतली आणि मागच्या बायांना म्हणाली, "गरम हवा भाईर चाललीय ग! धुराड्यातनं निघाल्यावाणी!"

पाचवं वळण गेलं. सहावं आलं, ज्याच्या दगडावर मी त्या दिवशी बसले होते. काटा मधल्या खुणेच्या एक बोट वर होता. दादाभाऊ उभा राहिला. मी दुसरा गिअर टाकला आणि त्या दगडाकडे न बघता वळले.

तेवढ्यात ठमाबाईनं झाकणावर तळहात ठेवला. पूर्ण तळहात, पाच बोटं पसरून. आणि मोजायला लागली. शाळेत मुली पाढे म्हणतात तसं, मोठ्यानं. एक, दोन, तीन. नऊला मी श्वास रोखला. अकरा, बारा. मागच्या बाया तिच्यासोबत मोजायला लागल्या. मग पोरी. वीसला दादाभाऊनं डबा खाली ठेवला. तीस झाले. चाळीस झाले. सातवं वळण कधी गेलं ते मला कळलंच नाही, कारण समोर देवळाचा कळस होता आणि कुशाबा आजोबा काठी टेकत उठून उभे राहत होते.

गाडी देवळापुढे आली तेव्हा ठमाबाईचा हात झाकणावरच होता. मी इंजिन बंद केलं. तिनं मोजणं कधी सोडलं ते तिलाही माहीत नव्हतं.

सगळी वाडी जमली. कुशाबांनी पुढून गाडी पाहिली, खाली वाकून फटी पाहिल्या, जाळीवर बोट फिरवलं. मग म्हणाले, "बोला बाई. आज तुमचं. आज हवं तेवढं बोला."

लोक दगडांवर, ओट्यांवर बसले. टाळ्यांसाठी तयार. मनात सगळं रचलेलं होतं, गोरख. पाडव्यापासून रचत होते. अन्यायापासून सुरुवात, मग इतिहास, मग ललकार. मी तोंड उघडलं आणि समोर आरती दिसली. तिच्या हातात तेवढ्यात घरून आणलेली पत्र्याची पेटी होती. तिची आई तिला मागे ओढत नव्हती. पेटीच्या दुसऱ्या कडीला स्वतः धरून उभी होती.

मी एवढंच म्हणाले, "पेट्या आत चढवा."

पाचही चढवल्या.

शाळा उघडायला अजून सतरा दिवस आहेत. पण पेट्या गाडीतच राहू देत, असं आया म्हणाल्या. पेटी एकदा आत चढली की परत उतरवत नाहीत, म्हणे. ही रीत इथे कालपासून सुरू झाली आहे.

आता माझा शब्द पुरा झाला. गाडी हवी तर मंचरकडे तोंड करू शकते. जून लागला की पोरींना घेऊन तुला भेटायला येते. तुला त्यांचा गोंगाट ऐकू येणार नाही हे मला माहीत आहे. तू गाडीच्या झाकणावर हात ठेव. त्या सगळ्या आत नाचत असतील, तुला कळेल.

तुझी,
रत्नाताई

ता. क. माझ्या फ्लेक्सवर ठमाबाईचा हिरडा वाळतो आहे. अंगणात अक्षरं वर करून अंथरला आहे. मधे हिरडा, कडेनं मजकूर. आरती येता-जाता मोठ्यानं वाचते. काल ठमाबाईनंही वाचला, बोट ठेवून, एकेक अक्षर लावत. "आम्ही थांबणार नाही." मग खाली माझं नाव होतं, त्यावर हिरड्याचा ढीग ओतला आणि म्हणाली, "बाई, ह्यो आता बराबर ठिकाणी हाय."